सुवर्णपदक मिळालं, गुण मात्र शून्य: ऋतुजा भोसलेची कारकीर्द 'केस' म्हणून वाचताना

मागच्या महिन्यात शिरूरहून एका मुलीचा मेसेज आला. एम.पी.एड. झालंय, एका शाळेत खेळ शिकवते, यंदा पीएचडीला प्रवेश घ्यायचाय. "ताई, विषय ठरवलाय. 'ऋतुजा भोसले यांच्या टेनिस कारकिर्दीचा अभ्यास'. चालेल ना? सिनॉप्सिस कसा लिहू?"

'चालेल' म्हणून मोकळी झाले असते. पण मी फोन केला, आणि अर्ध्या तासानं कळलं की हिच्या डोक्यातला खरा प्रश्न वेगळाच आहे. तिच्या शाळेत बारा वर्षांची एक मुलगी आहे. आठवड्यातून चार दिवस शाळा सुटली की वडील तिला गाडीवर घालून नगर रोडनं वाघोलीच्या बाजूला सरावाला नेतात, रात्री नऊला परत शिरूर. मुलगी बरी खेळते. वडिलांनी हिला विचारलं, "मॅडम, अजून किती वर्षं खर्च करू हिच्यावर? पुढं काही होईल का?" मॅडमकडे उत्तर नव्हतं. म्हणून मॅडमना पीएचडी करायचीय.

मला हे फार आवडलं. पण गडबड इथंच आहे. वडिलांचा प्रश्न एक आणि सिनॉप्सिसचं शीर्षक दुसरंच. फोनवर जे बोलले तेच इथं जरा नीट लिहून काढतेय, कारण असे सिनॉप्सिस दर वर्षी येतात: 'अमुक लेखकाचं जीवनकार्य', 'तमुक उद्योजिकेचा प्रवास'. माझा स्वतःचा विषय खेळाचा नाही, दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या कुटुंबांचा आहे. पण केस स्टडीत मी दोन वर्षं ठेचा खाल्ल्यात, तेवढा अधिकार समजा.

आधी माणूस बघू. ऋतुजा भोसले, जन्म 27 मार्च 1996, श्रीरामपूर, म्हणजे तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. श्रीरामपूरहून पुण्याला रस्त्यानं यायचं तर नगर आणि शिरूर, रेल्वेनं यायचं तर मनमाड लाइननं दौंड. (तिथल्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे. तिकीट काढताना नवखे चुकतात, नवी मुंबईचं समजून.) शाळकरी वयातच ती भारताच्या फेड कप संघात आली. मग 2010 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली आणि त्यांच्या संघाकडून खेळली. परत येऊन व्यावसायिक टेनिस. मार्च 2020 मध्ये दुबईत भारत पहिल्यांदाच या स्पर्धेच्या प्ले-ऑफसाठी पात्र ठरला, त्या संघात ती होती. आणि 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक. अंतिम सामन्यात समोर तैवानची जोडी, लिआंग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ. पहिला सेट 2-6 असा गेला, दुसरा 6-3 नं आला आणि सुपर टायब्रेक 10-4.

आता समजा तुम्ही हुशार आहात, 'क्वांटिटेटिव्ह' करायचं ठरवलंत. एक्सेल उघडलं, डब्ल्यूटीएची क्रमवारी आठवड्यागणिक उतरवून घेतली आणि ग्राफ काढला. त्या ग्राफमध्ये 30 सप्टेंबर 2023 ला काय दिसेल?

काहीच नाही.

आशियाई स्पर्धेत डब्ल्यूटीएचे गुण मिळत नाहीत. शिवाय मिश्र दुहेरीची क्रमवारी नावाची गोष्टच नाही; क्रमवारी असते ती एकेरीची आणि दुहेरीची. बिली जीन किंग कपलाही (फेड कपचं हे नवं नाव, 2020 पासून) गुण नाहीत. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आपसातल्या लढतींनाही नाहीत. म्हणजे या बाईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, देशासाठीचे सामने आणि कॉलेजच्या वर्षांतलं मुख्य टेनिस, हे सगळं तुमच्या 'वस्तुनिष्ठ' डेटातून गायब. ज्या दिवशी राष्ट्रगीत वाजलं, त्या दिवसाचे गुण शून्य.

इथं दोन वेगवेगळ्या चुका होतात, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली चूक मोजमापाची. तुम्हाला 'यश' मोजायचं होतं, तुम्ही 'क्रमवारी' मोजलीत. नेट-सेटच्या पुस्तकात 'वैधता' म्हणून जी व्याख्या आपण घोकतो ती ही. क्रमवारी खोटी नसते. ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते. मागच्या 52 आठवड्यांत ठरावीक स्पर्धांमधून कुणी किती गुण जमवले, एवढंच ती सांगते. एका स्पर्धेचे गुण वर्षभरानं गळून पडतात. म्हणून एखादी खेळाडू घरी बसूनही खाली जाते, आणि शेजारच्या चौघींचे गुण गळले की काही न करता वरही येते. त्यात ही क्रमिक मापनश्रेणी. 300 वरून 250 आणि 60 वरून 10, दोन्हीकडे फरक 50 चाच, पण हे दोन जिने एकाच उंचीचे नाहीत. त्यांची सरासरी काढून 'प्रगतीचा दर' लिहिणारे प्रबंध मी पाहिलेत. परीक्षक हसतो आणि मग प्रश्न विचारतो.

दुसरी चूक रिकाम्या जागेची. कॉलेजच्या वर्षांत ग्राफ विरळ होतो. बघणाऱ्याला वाटतं, संपलं, खेळ सुटला. खरं तर तेव्हा ती शिकत होती आणि खेळतही होती, फक्त तुमच्या यादीच्या बाहेर. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. हे मी फार शहाणपणानं सांगतेय असं वाटेल, म्हणून माझंच सांगते: कोर्सवर्कच्या वेळी रेल्वे क्वार्टरमध्ये कुटुंबं सरासरी किती वर्षं राहिली हे काढताना, ज्या घरांची तारीख मिळाली नव्हती तिथं मी शून्य टाकलं होतं. सरासरी आली साडेतीन वर्षं. आमच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुझं घर किती वर्षं होतं तिथं?" एकोणीस.

तारखांचाही एक सापळा आहे, जाता जाता सांगते. हांगझोऊची स्पर्धा कागदोपत्री 2022 ची, झाली 2023 मध्ये, कोविडमुळे. टोकियो ऑलिम्पिक 2020 चं, झालं 2021 मध्ये. वर्षाचा कॉलम भरताना स्पर्धेच्या नावातलं वर्ष टाकलंत तर सुवर्णपदक एक वर्ष आधीच मिळेल आणि पुढचं सगळं कार्यकारण उलटं बसेल. आणि भोसले हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, तेव्हा एकाच स्पेलिंगनं शोधून 'नोंद आढळली नाही' असं लिहू नका.

आता त्या सुवर्णपदकाकडे परत या. ते कुणाचं? 'दोघांचं' हे उत्तर बातमीला चालतं. संशोधनात विचारावं लागतं की आपलं विश्लेषणाचं एकक काय: खेळाडू की जोडी? बोपण्णा तेव्हा 43 वर्षांचा होता, आणि पुढच्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून तो पुरुष दुहेरीत जगात पहिला झाला. मग 'पदक बोपण्णामुळे आलं' असं म्हणायचं का? तसंही म्हणता येत नाही, कारण मिश्र दुहेरीत समोरची जोडी कमी अनुभवी खेळाडूवरच मारा करत राहते. तो मारा ज्यानं झेलला त्याचं काम स्कोअरमध्ये दिसत नाही. सामने पुन्हा पुन्हा बघून, कुणाच्या सर्व्हिसवर किती गुण गेले, निर्णायक रिटर्न कुणी मारले, हे मोजता येईल. ते केल्याशिवाय श्रेयाची वाटणी करू नये.

जोडीचा विषय निघालाच आहे तर दुसरी मुलगी बघा. प्रार्थना ठोंबरे, बार्शीची, जन्म 1994. बार्शीहून रेल्वेनं पुण्याला यायचं तर कुर्डुवाडी आणि मग दौंडच. 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीचं कांस्य. 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्येही सानियाचीच जोडीदार. पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआईकडून तीन सेटमध्ये हार. सानिया त्या वेळी दुहेरीत जगात पहिली होती. आणि एप्रिल 2025 मध्ये बालेवाडीत बिली जीन किंग कपचे सामने झाले आणि भारत दुसऱ्यांदा प्ले-ऑफला गेला, त्या संघात प्रार्थना होती, ऋतुजा नव्हती. दोघी दोन वर्षांच्या अंतरानं जन्मलेल्या, दोघी तालुक्याच्या गावच्या, दोघींची मोठी पदकं मोठ्या नावाबरोबरची. पण एकीची वाट अमेरिकन विद्यापीठातून गेली, दुसरीची हैदराबादला सानियाच्या अकादमीतून.

तिसरी अंकिता रैना. ती अहमदाबादची, लहान वयात पुण्याला आली आणि पीवायसी जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली. एकेरीत 160 पर्यंत गेली, 2018 च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळवलं, 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात कामिला राखिमोवाबरोबर डब्ल्यूटीएचं दुहेरी विजेतेपदही. या तिघी शेजारी ठेवल्या की 'कारकीर्द' हा शब्द जरा उलगडतो. एकीच्या बाबतीत 'कॉलेजमुळे झालं' असं लिहायला हात शिवशिवतो, तेव्हा दुसरी म्हणते, मी तर गेलेच नव्हते. तुलनात्मक केस स्टडीचा उपयोग हाच. ती तुमचा लाडका निष्कर्ष मोडते.

रागिन आणि बेकर या दोघांनी 1992 मध्ये संपादित केलेल्या पुस्तकाचं नावच एक प्रश्न आहे: केस म्हणजे काय? त्यातून मी माझ्यापुरतं एक वाक्य घेतलंय, भिंतीवर चिकटवलंय: 'हे कशाचं उदाहरण?' ऋतुजाची कारकीर्द कशाचं उदाहरण आहे? छोट्या गावातून येऊन मोठं होण्याचं? अमेरिकन कॉलेजमधून परत येऊन खेळत राहण्याचं? दुहेरीत जम बसवण्याचं? की पहिल्या शंभरात न पोचताही वर्षानुवर्षं टिकून राहण्याचं? प्रत्येक उत्तराबरोबर वाचायचं साहित्य बदलतं, मुलाखतीचे प्रश्न बदलतात, तुलनेच्या मुली बदलतात. हे ठरवलं नाहीत तर हातात येतं ते चरित्र. चरित्र वाईट नसतं, पण ती पीएचडी नव्हे.

मला विचाराल तर शेवटचं उत्तर सगळ्यात मोलाचं आहे, आणि त्याचं कारण पैसा.

आयटीएफनं 2013 च्या आकड्यांवर एक मोठी पाहणी केली होती. त्या वर्षी जगभरात तेरा हजारांहून जास्त स्त्री-पुरुष व्यावसायिक स्पर्धा खेळले. त्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त जणांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. प्रवास, राहणं, जेवण वगैरे खर्च आणि बक्षिसं यांची तोंडमिळवणी स्त्रियांमध्ये 253 व्या क्रमांकाच्या आसपास होते, असं त्यांना आढळलं. आणि यात कोचचा खर्च धरलेलाच नव्हता! आता बक्षिसं आणि खर्च दोन्ही बदललेत, त्यामुळे हा आकडा आजचा म्हणून उद्धृत करू नका. पण चित्राचा आकार लक्षात ठेवा. ऋतुजाचं एकेरीतलं सर्वोत्तम स्थान तीनशेच्या थोडं पलीकडचं, दुहेरीत ती पहिल्या दोनशेत आली. जगात तीनशेवी म्हणजे कुठल्याही दुसऱ्या धंद्यात केवढी मोठी गोष्ट! जगातली तीनशेवी सर्जन म्हटलं तर आपण उठून उभे राहू. टेनिसमध्ये तीनशेवीला विमानाचं तिकीट काढताना विचार करावा लागतो. सगळ्यात खालच्या पायरीच्या आयटीएफ स्पर्धेत एकूण बक्षीस 15,000 डॉलर, तेही सगळ्या खेळाडूंत वाटलं जाणारं. विजेतीला अडीच हजारांच्या आत मिळतात. पहिल्या फेरीत हरलेलीचं हॉटेलचं बिलसुद्धा त्यात निघत नाही.

मग बाया खेळत का राहतात? इथं क्रमवारीही संपते आणि बक्षिसाचा तक्ताही संपतो. एव्हरेट ह्यूज या समाजशास्त्रज्ञानं 1937 मध्येच कारकिर्दीच्या दोन बाजू वेगळ्या केल्या होत्या: बाहेरून दिसणारी, म्हणजे पदं, पायऱ्या, हुद्दे, आणि आतून दिसणारी, म्हणजे माणूस स्वतःचं आयुष्य मागे वळून कसं बघतं, कुठल्या क्षणाला 'वळण' म्हणतं. पहिली बाजू एक्सेलमध्ये मावते, दुसरीसाठी समोर बसावं लागतं. आणि प्रश्न 'तुम्ही यशस्वी कशा झालात?' असा विचारायचा नाही. त्याचं उत्तर खेळाडूंना पाठ असतं, पत्रकारांनी शंभरदा विचारलेलं असतं. 'गेल्या वर्षी कुठल्या स्पर्धेला जायचं रद्द केलंत, आणि का?' असं विचारा. मग पैसे, दुखापत, व्हिसा, घरातलं लग्न, सगळं एकेक करत बाहेर येतं.

एवढं सगळं करूनही त्या वडिलांचा प्रश्न मात्र सुटत नाही. का ते बघा.

ऋतुजा, प्रार्थना, अंकिता या तिघी पोचलेल्या आहेत. पोचलेल्यांकडे बघून वाटेचा धोका कळत नाही. दौंड जंक्शनच्या फलाटावर उभं राहून तुम्ही उतरणारे प्रवासी मोजलेत, तर आधीच्या स्टेशनांवर किती जण उतरून गेले हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तुम्हाला वाटेल, या गाडीत बसलेला प्रत्येक जण दौंडला पोचतो. त्या वडिलांना हवाय तो छेद: चौदा वर्षांखालच्या यादीत असलेल्या मुलींपैकी अठराव्या वर्षी किती उरल्या, आणि ज्या थांबल्या त्यांचं पुढं काय झालं?

हा प्रश्न करता येण्यासारखा आहे, म्हणून मी फोनवर जरा उत्तेजित झाले. अखिल भारतीय टेनिस संघटना वयोगटानुसार क्रमवारी जाहीर करते: बारा, चौदा, सोळा, अठरा वर्षांखालील. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं एक वर्ष पकडा, चौदा वर्षांखालील मुलींच्या यादीतून महाराष्ट्राच्या मुली वेगळ्या काढा. ही झाली तुमची तुकडी. मग पुढच्या वर्षांच्या याद्यांत एकेक नाव शोधत जा. कोण सोळाव्या वर्षी नाहीशी झाली, कोण अठराव्या. आता त्या पंचविशी-तिशीत असतील. संपर्क होईल तेवढ्यांच्या मुलाखती घ्या. माझी शंका अशी की दहावीचं वर्ष आणि 'मुलीबरोबर स्पर्धेला जायचं कुणी' हे दोन मुद्दे कौशल्याच्या आधी येतील. पण ही शंका आहे, गृहीतक म्हणून लिहा, निष्कर्ष म्हणून नव्हे. आणि थांबलेल्या मुलीला 'अपयशी' हा शब्द प्रश्नावलीत कुठंही येऊ देऊ नका. कोण कोच झाली असेल, कुणाला खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली असेल, कुणी नुसतीच सुटकेचा श्वास सोडला असेल.

मग ऋतुजाचं काय, तिला काढून टाकायचं? मुळीच नाही. ती या अभ्यासात एक टोक म्हणून राहते, ज्याला 'टोकाची केस' म्हणतात ती. यादी सांगते किती पोचल्या. तिची केस सांगते पोचणं म्हणजे नेमकं काय, आणि पोचल्यावरही हिशोब कसा अवघड असतो. तिच्याबद्दल बरंच साहित्य सार्वजनिक आहे, त्यामुळे मुलाखत नाही मिळाली तरी प्रकरण अडत नाही. थांबलेल्या मुलींबद्दल मात्र ओळभरही छापलेलं नसतं. म्हणून वेळ तिकडे घालवायचा.

नैतिकतेच्या फॉर्मचं एक: त्या बारा वर्षांच्या मुलीशी बोलायचं असेल तर वडिलांची लेखी संमती लागेलच, पण तिची स्वतःची तयारीही वेगळी विचारायची, वडील समोर नसताना. 'बाबांना चालतंय' म्हणजे तिला चालतंय असं नाही. आणि तुम्ही तिच्याच शाळेतल्या मॅडम आहात, त्यामुळे 'नाही' म्हणणं तिला दुप्पट अवघड आहे. हे माझ्या मते इतकं अवघड आहे की तिला अभ्यासात घेऊच नये. प्रश्न तिच्यामुळे सुचला, एवढं पुरे.

शीर्षक आता असं झालंय: 'महाराष्ट्रातील चौदा वर्षांखालील मानांकित मुलींची टेनिसमधील वाटचाल: सातत्य, थांबणे आणि कौटुंबिक निर्णय'. जरा लांब आहे, गाईड छाटतील. परवा तिनं पहिल्या यादीतली नावं पाठवली, पुढं एक कॉलम करून 'सध्या काय करते' असं लिहिलंय. बहुतेक रकाने रिकामे आहेत. तिनं त्यात शून्य घातलेलं नाही. पुढच्या रविवारी मी चौफुला-न्हावरा रस्त्यानं शिरूरला जाणार आहे, पहिल्या मुलाखतीची प्रश्नावली दोघी मिळून बसून करू. त्या वडिलांना तिनं सांगितलंय की उत्तराला तीन-चार वर्षं लागतील. ते म्हणाले, तोवर मुलगी सोळाची होईल.